साडूंचा बर्फ

या भूतलावर बर्फाविषयी सर्वांत जास्त बोलणारा माणूस नॉर्वेत सापडणार नाही, काश्मिरात सापडणार नाही; मला तो बहारीनमध्ये भेटला, आणि तोही साडू होऊन. साडू हे नातंच मुळात अवघड. भाऊ म्हणावा तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावा तर आपण निवडलेला नाही. दोन बहिणी आपापल्या पसंतीने लग्नं करतात आणि दोन परके पुरुष आयुष्यभर एकमेकांच्या घरी जेवायला बसतात. माझ्या वाट्याला आलेले साडू माझ्याहून बरेच मोठे, मूळचे नाशिकचे, पेशाने वातानुकूलन इंजिनिअर. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला साडूबुवा म्हणतात. सीफ या ऑफिसांच्या भागातल्या ज्या काचेच्या इमारतींत आम्हा अकाउंटंट मंडळींचे दात वाजत असतात, त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा गारवा साडूंच्या नकाशाबरहुकूम वाहतो. दिवसभर थंडी विकून घरी आलेला माणूस संध्याकाळी जरा उबेला बसेल असं कुणालाही वाटेल. साडू घरी येऊन बर्फाविषयी बोलायला बसत.

बहारीन म्हणजे सपाट बेट. इथे उड्डाणपूल चढला तरी आपण काहीतरी चढलो असं वाटतं. देशातला सर्वांत उंच डोंगर म्हणजे जबल दुखान, आणि तो कोकणात असता तर गावाने त्याला नावसुद्धा दिलं नसतं. उन्हाळ्यात दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि गार पाण्याच्या नळाखाली हात पोळतात. अशा देशात राहून साडूंनी छंद कुठला धरावा? गोठलेल्या धबधब्यांवर चढण्याचा आणि डोंगरातल्या न मळलेल्या बर्फावर स्की लावून हिंडण्याचा. कारण विचारलं तर म्हणत, "साडूबुवा, आवड ही आपल्याकडे नसलेल्या गोष्टीचीच असते." यावर ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, स्वयंपाकघरातून म्हणत, "म्हणूनच मला शांततेची आवड आहे."

अदलियातल्या त्यांच्या छोट्याशा घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर दोन बर्फाच्या कुऱ्हाडी टांगलेल्या दिसत. कुऱ्हाड हा माझा शब्द. "आइस टूल म्हणा," साडू मला दर वेळी दुरुस्त करत. "कुऱ्हाडीने लाकडं फोडतात." त्याच भिंतीवर लग्नाचा फोटोही होता, पण त्याच्यापुढे स्की उभ्या केलेल्या असल्यामुळे पाहुण्याला फक्त ताईंचा अर्धा चेहरा दिसे, आणि त्या घरातली परिस्थिती समजायला तेवढा पुरे होता. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी तिसऱ्या वाक्याला बर्फ यायचा. शाळेची फी वाढली असं कुणी म्हटलं, तर साडू गंभीर होत. "थोडीथोडी वाढते ना, तेच वाईट. बर्फाचंही असंच असतं. थरावर थर चढत जातात, वरून सगळं शांत, सुंदर. आणि मग एक दिवस पूर्ण उतार खाली येतो." त्यानंतर फीचं काय करायचं हे कुणाच्याच लक्षात राहत नसे. त्यांची मुलगी, जिला मराठी सगळं कळतं पण बोलायची वेळ आली की इंग्रजीचा आधार लागतो, ती अशा वेळी ताट उचलून आत जाताना "बाबा, प्लीज, नॉट द अ‍ॅव्हलांच" एवढंच म्हणे.

साडूंचं घर एकमजली होतं, हे माझं दुर्दैव. सरावाला जिना लागतो आणि जिना आमच्या सनाबिसच्या इमारतीला होता. ऐन ऑगस्टात, संध्याकाळी, पायात स्कीचे बूट घालून साडू आमचा जिना चढत आणि उतरत. स्कीचा बूट म्हणजे पायात बादली घालून वर कडी लावण्याचा प्रकार. तो पायरीवर पडला की वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट ओढतंय असा आवाज होतो. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, डोक्याला हेल्मेट, आणि डोळ्यांना गॉगल, कारण "सवय सगळ्याचीच हवी". एकदा चौथ्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईंनी दार उघडलं, तर समोर हा घामाने निथळणारा, गॉगलातून रोखून बघणारा माणूस. बाईंनी विचारलं, "गॅस?" साडूंना दम लागला होता, म्हणून त्यांनी नुसता हात वर केला. तो त्यांच्या मते 'थांबा, सांगतो' असा होता. बाईंच्या मते 'पळा' असा. मुलं, पासपोर्टांची पिशवी आणि पिंजऱ्यातला पोपट घेऊन ते कुटुंब खाली उतरलं. त्यांचं बघून तिसरा मजला उतरला. मी खिडकीतून पाहिलं तर अर्धी इमारत पार्किंगमध्ये उभी, आणि आमच्या दारात साडू. "साडूबुवा, पाणी द्या," ते म्हणाले. "आणि हे लोक खाली का चाललेत? चढताना फार अडचण होते."

हिवाळ्यात, म्हणजे इथे ज्याला आपण हौसेने हिवाळा म्हणतो त्या दिवसांत, सराव वाळवंटात हले. तेव्हा बरोबर हसन असे. हसन त्यांच्याच ऑफिसातला बहारीनी, गोल चेहऱ्याचा, सदा हसरा; साडूंच्या वेडात स्वखुशीने सामील झालेला माझ्या माहितीतला एकमेव माणूस. गाडीच्या टपावर स्की बांधून दोघं दक्षिणेकडे निघाले असताना एका ट्रॅफिक पोलिसाने त्यांना थांबवलं आणि टपाकडे बोट दाखवून हे काय आहे असं विचारलं. एवढा आपुलकीचा प्रश्न साडूंना त्याआधी कुणी विचारला नव्हता. ते खाली उतरले. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी कशी चिकटवायची, तिच्यामुळे चढावर पाय मागे कसा घसरत नाही, वर पोहोचल्यावर ती सोलून काढून घसरत खाली कसं यायचं, हे त्यांनी मोडक्या अरबीत आणि संपूर्ण हातवाऱ्यांत समजावलं. हसन सांगतो, की पोलीस आधी संशयाने, मग कुतूहलाने आणि शेवटी केविलवाण्या चेहऱ्याने ऐकत होता. मागे गाड्या साचल्या, भोंगे सुरू झाले. "खलास, खलास," तो अक्षरशः विनवत म्हणाला. "यल्ला, जा." साडूंना मात्र आजही वाटतं, की तो पोलीस आतून डोंगरातला माणूस होता.

घरातला बर्फ हा ताईंचा खास विषय. धबधब्यावर चढताना बर्फात पोलादी स्क्रू पिळून बसवायचे असतात आणि त्यांत दोर अडकवायचा असतो. याचा सराव करायचा तर बर्फ हवा, आणि बर्फ करायचा तर फ्रीझर. एका शुक्रवारी ताईंनी बाजारातून आणलेला हामूर मासा ठेवायला डीप फ्रीझर उघडला, तर आत एक अवाढव्य लादी आणि तिच्यात घुसवलेला स्क्रू.

"हे काय आहे?"

"अँकर."

"आणि माझी सुरमई होती ती?"

"टबमध्ये आहे," साडू म्हणाले. "बर्फ घातलाय तिच्यावर, काळजी करू नकोस."

त्या दिवशी आम्ही दोन्ही कुटुंबांनी, शेजाऱ्यांनी, हसनने आणि हसनच्या आईने सुरमई खाल्ली, कारण ती त्याच दिवशी संपवणं भाग होतं. साडू मधूनच उठून फ्रीझरपाशी जात आणि स्क्रू हलवून येत. "अजून पक्का आहे," असं सांगत. ताईंकडे कुणीही बघत नव्हतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळींनी तर साडूंचं भाषणही ठेवलं. झालं असं, की संक्रांतीच्या कार्यक्रमाला ठरलेले पाहुणे ऐन वेळी आजारी पडले आणि संयोजकांना कुणीतरी, कुठलाही, बोलणारा माणूस हवा होता. तिळगुळाच्या आशेने आलेल्या, काळ्या साड्या नेसलेल्या बायकांपुढे आणि क्रिकेटचा स्कोअर बघणाऱ्या नवऱ्यांपुढे साडूंनी 'हिमस्खलन: कारणे आणि उपाय' हा विषय चित्रांसह मांडला. शेवटी नियमाप्रमाणे प्रश्न विचारायला सांगितलं. पुण्याच्या एका बँकवाल्या गृहस्थांनी फार नम्रपणे विचारलं, "बहारीनमध्ये असं हिमस्खलन कधी झालंय का हो?" साडूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "अजून नाही."

आता एवढं बोलणारा माणूस खरोखर काही चढतो का, हा प्रश्न आमच्या घरी बरीच वर्षं चघळला जात होता. दर जानेवारीत साडू, हसन आणि त्यांचा एक ऑफिसमित्र कॉकेशसमधल्या जॉर्जियाला जात. परत आल्यावर आम्हाला फोटो दाखवत. फोटोत एका निळसर बर्फाच्या भिंतीवर कुणीतरी पाठमोरं चिकटलेलं असे. "हा मी." पुढच्या फोटोत पांढऱ्या उतारावर तीन ठिपके. "मधला मी." मी बायकोला म्हणायचो, की ते बहुधा हॉटेलात सूप पीत बसतात आणि ठिपके विकत घेतात. साडू मात्र वर्णनं अशी करत, की वारा, दरी, लटकणं, सुटका, सगळं ऐकून ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हावा. आणि ताईंनी "धोका नाही ना?" असं विचारलं, की त्याच दमात म्हणत, "छे! बागेत फिरण्यासारखं असतं."

ही दोन्ही विधानं एकाच माणसाची, एकाच जेवणावरची. म्हणूनच ज्या वर्षी त्या ऑफिसमित्राची रजा रद्द झाली आणि साडूंनी "साडूबुवा, दोर धरायला माणूस हवा" म्हणून मला गळ घातली, तेव्हा मी नकार देण्याआधी ताई आमच्या घरी आल्या. एकट्याच आल्या. चहा घेतला नाही.

"तुम्ही जा," त्या मला म्हणाल्या. "बघून या आणि मला खरं सांगा. ते एक तर सिंहाशी लढल्यासारखं सांगतात, नाहीतर बाग सांगतात. खरं काय आहे ते मला कळतच नाही. धोक्याचं असलं तर मी त्यांना थांबवणार आहे. माझ्या एका शब्दावर ते थांबतील, मला माहीत आहे. पण तो शब्द उगाच टाकायचा नाही मला."

मी हो म्हणालो. बर्फाचं मला काडीचं आकर्षण नव्हतं, पण इतकी वर्षं ज्या माणसाची थट्टा केली त्याचं पितळ उघडं पडताना हजर असावं, ही इच्छा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जॉर्जियात पोहोचलो आणि पहिला धक्का बसला तो हा, की साडू तिथे बोलतच नव्हते. लेवान नावाचा स्थानिक वाटाड्या बोले, साडू ऐकत. सकाळी आम्ही गावातून निघालो, स्कीच्या तळाला त्या प्रसिद्ध पट्ट्या लावून. पोलिसाला न कळलेली ती गोष्ट मला पहिल्या चढावर कळली: पाय खरंच मागे घसरत नाही. मी मात्र बाजूला घसरत होतो, पुढे पडत होतो, उठताना पुन्हा बसत होतो. हसन मला उठवी आणि दर वेळी "माशाल्ला, छान पडलास" म्हणे. साडू सर्वांत पुढे, एका लयीत, मागे न बघता. मधूनच थांबून काठीने बर्फ दाबत, वाकून बघत आणि दिशा थोडी बदलत. आमच्या जिन्यावर बादल्या आपटणारा तो हाच माणूस, यावर माझा विश्वास बसेना. इथे त्यांच्या पायांचा आवाजच येत नव्हता.

दरीच्या टोकाला धबधबा होता. गोठलेला धबधबा हे प्रकरण मी फोटोत पाहिलं होतं. पण फोटोतून त्याची उंची येत नाही आणि आतून वाहणाऱ्या पाण्याचा घुमणारा आवाजही येत नाही. लेवान आधी वर गेला, वरच्या खडकात ठोकलेल्या कडीतून दोर ओवून खाली आला. पद्धत अशी, की दोराचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरी बाजू वरून फिरून खाली उभ्या माणसाच्या कमरेच्या पट्ट्यातून. चढणारा जसा वर जाईल तसा खालच्याने दोर ओढून घ्यायचा. तो सुटला, तर दोर घट्ट धरायचा. लेवानने मला सगळं पुन्हा पुन्हा करून दाखवलं आणि एका पुढे आलेल्या खडकाच्या आडोशाला उभं केलं. साडूंनी माझा पट्टा स्वतः तपासला.

"एकच गोष्ट लक्षात ठेवा, साडूबुवा. काहीही झालं तरी हात सोडायचा नाही."

"काहीही म्हणजे काय काय?" मी विचारलं.

ते हसले आणि चढायला लागले.

आणि सांगायला मला आजही अवघड जातं, पण ते सुंदर चढत होते. टूल मारायचं, पाय ठोकायचा, उभं राहायचं, श्वास घ्यायचा. घाई नाही, दिखावा नाही. एखादी सुगरण बाई न बघता पोळ्या लाटते तसं. मी दोर ओढून घेत होतो आणि मनातल्या मनात ताईंना सांगायची वाक्यं जुळवत होतो. 'ताई, खरंच येतं हो त्यांना. काळजी नको.' अर्ध्याहून वर गेले तेव्हा त्यांनी डावीकडे, जिथे बर्फाचे लोंबते खांब एकत्र येऊन पडद्यासारखे झाले होते, तिकडे पाय टाकला. टूल मारलं.

बंदुकीसारखा आवाज झाला. तो पडदा पूर्णच्या पूर्ण सुटला.

लेवान ओरडला. हसन आणि तो एका बाजूला उड्या मारून पडले. मला उडी मारता येत नव्हती. माझ्या कमरेला साडू होते. दोराला असा हिसका बसला की मी खडकावर जाऊन आदळलो. समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, कपाटाएवढे तुकडे कोसळत गेले आणि सगळं पांढरं झालं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. माझे दोन्ही हात दोरावर होते. ते मी ठेवले होते असंही म्हणता येणार नाही. ते तिथेच राहिले.

पांढरं खाली बसलं. वर पाहिलं तर साडू दोराला लटकत होते. हळूहळू गोल फिरत होते. मान खाली.

"दादा!"

मी आणखी मोठ्याने ओरडलो.

"अहो दादा! बोला ना!"

आयुष्यात प्रथमच मी त्या माणसाला बोला म्हणत होतो. आणि तो बोलत नव्हता. हसन बाजूला गुडघ्यावर बसून पुटपुटत होता. मला ताईंचा चेहरा दिसत होता, आणि मला काय सांगावं लागेल ते ऐकू येत होतं.

मग वरून एक खोल, कोरडा आवाज आला. "कुणाला लागलं का?"

लेवानने माझ्या हातांवर हात ठेवून हळूहळू दोर सोडायला लावला आणि साडू खाली आले. गुडघा भिंतीवर आपटला होता. उभं राहता येईना. हसनने थर्मासमधला चहा त्यांच्या तोंडाला लावला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सोडला नाहीत," ते म्हणाले.

"तुम्हीच सांगितलं होतंत."

"सगळ्यांना सांगतो हो मी," साडू म्हणाले.

लेवानने त्यांच्याच स्की एकमेकींना बांधून घसरगाडी केली, तिच्यावर त्यांना निजवलं, आणि आम्ही तिघं त्यांना ओढत दरी उतरलो. मी अजूनही पडत होतो, पण आता हसन 'माशाल्ला' म्हणत नव्हता. घसरगाडीवरचा माणूस आभाळाकडे बघत गप्प होता, आणि ते गप्प राहणं मला सोसवेना. ज्या व्याख्यानांपासून वाचण्यासाठी मी कधी खोटी डोकेदुखी काढली होती, त्यातलं एखादं सुरू व्हावं म्हणून मी मुद्दाम विचारलं, "दादा, हा इथला बर्फ कुठल्या प्रकारचा म्हणायचा?"

साडूंनी मान किंचित वळवून पाहिलं. "पांढरा," ते म्हणाले.

परतीच्या विमानात माझ्यापुढे एकच प्रश्न होता. ताईंना काय सांगायचं? खरं सांगितलं तर त्या तो शब्द टाकणार आणि साडूंचे डोंगर संपणार. त्यांना तिथे चढताना मी पाहिलं होतं. ते संपवणारा मी कोण? आणि नाही सांगितलं, तर पुढच्या जानेवारीत काही झाल्यावर ताईंसमोर उभं कुठल्या तोंडाने राहायचं? शेजारच्या सीटवर साडू पाय लांब करून डोळे मिटून बसले होते. ताईंनी माझ्यावर काय सोपवलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

अदलियात पोहोचलो. गुडघ्याला बांधलेला पट्टा ताईंनी दारातच पाहिला, पण विचारलं काही नाही. पानं वाढली. माझी बायको आणि मुलंही आली होती. सगळे वर्णनाची वाट बघत होते. भाचीने तर आधीच दोन्ही कानांवर हात ठेवायची तयारी केली होती. ताईंनी माझ्या पानात भात वाढला आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

"थांबा," साडू म्हणाले. "मी सांगतो."

मला वाटलं, झालं. आता एक तर सिंह, नाहीतर बाग.

"बर्फ तुटला," ते म्हणाले. "मी पडलो. दोर वरून होता आणि यांनी धरून ठेवला, म्हणून लटकलो. तुकडे यांच्या अगदी पुढ्यात पडले. यांनाही लागलं असतं."

ताईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं.

"दर वर्षी असंच असतं का?" ताईंनी विचारलं.

"नाही. पण कुठल्याही वर्षी असू शकतं. हे तुला मी कधी सांगितलं नाही. बाकी पुष्कळ सांगितलं, आणि हे तेवढं नाही. तू यांना का पाठवलंस ते मला कळलं होतं. मीही म्हटलं, बरं होईल, तिथलं बघून कुणीतरी तुला सांगेल. पण ते त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही."

त्यांच्या मुलीने कानांपाशी नेलेले हात खाली घेतले. ती बापाकडे बघत राहिली आणि मग चक्क मराठीत म्हणाली, "दुखतंय का, बाबा?" साडूंनी मान हलवली. ताईंनी वरणाचं भांडं उचललं, सगळ्यांना वाढलं, आपल्या पानावर बसल्या आणि दोन घास खाल्ल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी धबधबा नाही. आणि मी येणार."

त्या गेल्या. खरंच गेल्या, आम्ही सगळेच गेलो. बर्फाखाली झाकलेल्या एका सपाट माळावर साडूंनी ताईंना स्कीवर चालायला शिकवलं. शिकवलं म्हणजे त्यांनी वाक्य सुरू करायचं आणि इतकी वर्षं ऐकून पाठ झाल्यामुळे ताईंनी ते पूर्ण करायचं. "वजन नेहमी..." "टाचेवर, माहीत आहे. पुढे चला." त्या पडल्या की साडूंच्या अंगावर पडत, आणि मग दोघांनाही उठता येत नसे, कारण एकाचा गुडघा वाकत नव्हता आणि दुसरीचं हसू थांबत नव्हतं. हसनने त्यांचे ढिगाने फोटो काढले. सगळ्या फोटोंत दोघांचे चेहरे दिसतात.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात साडूंच्या कंपनीने मोठ्या वयाच्या लोकांना निरोप दिला. ती दोघं नाशिकला गेली. अदलियातल्या घरात आता कुणी ब्युटी पार्लर काढलंय. आमच्या जिन्यात संध्याकाळी इतकी शांतता असते, की चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा लिफ्टमध्ये मला विचारलं, "ते गृहस्थ बरे आहेत ना?" हसन मधूनच सीफमध्ये भेटतो. आम्ही गाडीत बसून करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा पितो आणि जानेवारीत जायला हवं असं म्हणतो. इंशाल्ला म्हणतो, आणि तिथेच ते राहतं.

परवा साडूंचा फोन आला. तब्येत, पाणी, भाजीचे भाव, सगळं झालं. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतायत, गुडघा बदलावा लागेल. बर्फ आता विसरा म्हणाले."

मी काहीतरी थट्टेचं बोलायला शोधत होतो.

"तुम्ही आणि हसन जा," ते म्हणाले. "मी लेवानशी बोलतो. जाऊन या, आणि आल्यावर मला फोन करा."

"करतो ना. काय विचारायचंय तुम्हाला?"

"विचारायचं काही नाही हो. सकाळी निघालात तेव्हा बर्फ कसा होता, कुठे थांबलात, पुढे कोण होतं. घाई करू नका. तुम्ही सांगा सगळं," साडू म्हणाले. "मी ऐकत बसेन."